जुन्या गाडीचे ब्रेक पॅड पहिल्यांदाच बदलताना

ब्रेक पॅड बदलणं म्हणजे चार बोल्टचं काम, असं सगळेच सांगतात. नव्या गाडीत ते बऱ्यापैकी खरं असतं. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या गाडीत मात्र पॅड बसवायला दहा मिनिटं लागतात, आणि ते जिथे बसतात ती जागा माणसात आणायला दोन तास. पहिल्यांदा हात घालणारा नेमके हेच दोन तास वाचवतो. मग महिन्याभरात गाडी एका बाजूला ओढायला लागते, एकच चाक तापतं, आणि दोष नव्या पॅडवर जातो.

इथे जे सांगतोय ते पुढच्या चाकांच्या डिस्क ब्रेकबद्दल आहे. बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ड्रमचं काम वेगळं, त्यात आज शिरायचं नाही. मागेही डिस्क असतील तर जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

आधी बदलायचे आहेत का ते बघा

नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मि.मी. असतो. तो ३ मि.मी.वर आला की नवे आणून ठेवा, २ च्या खाली गेला की गाडी उभी करा. इथे थर म्हणजे पोलादी पाठ सोडून उरलेला काळपट भाग. पाठीसकट मोजून ‘अजून भरपूर आहे’ म्हणणारे खूप भेटतात.

चाकाच्या फटींतून डोकावलं तर बाहेरचा पॅड दिसतो. आतला दिसत नाही, आणि जुन्या गाडीत बहुधा तोच आधी संपतो. त्यामुळे बाहेरून बघून निर्णय घेऊ नका, चाक काढूनच बघा. पुष्कळ पॅडना पोलादाची एक छोटी पट्टी असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून बारीक, उंच स्वरात किंचाळते. ही किंचाळी म्हणजे नुसती सूचना. तिच्या जागी खर्र खर्र असा जाड आवाज यायला लागला, तर धातूवर धातू घासतोय आणि पॅडबरोबर डिस्कही जाणार असं समजा.

कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा. पॅड झिजतात तसा त्यातला पिस्टन बाहेर येत जातो आणि त्याच्या मागे तेवढं ब्रेक ऑइल जातं. म्हणून बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी हळूहळू उतरते. जुन्या गाडीत मधल्या काळात कुणीतरी ती पातळी बघून ऑइल टाकलेलं असतंच. हे लक्षात ठेवा, पिस्टन मागे दाबताना त्याचा हिशोब चुकवावा लागतो.

काय काय लागेल

पॅड एका चाकाचे कधी बदलायचे नाहीत. समोरच्या दोन्ही चाकांचे मिळून चार, असाच संच येतो. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक वेगवेगळे कॅलिपर बसवलेले असतात, म्हणून दुकानात नुसतं मॉडेल सांगून भागत नाही. चासी नंबर द्या, आणि डबा उघडून पॅडचा आकार जुन्याशी ताडून बघा. पॅड ज्या पातळ स्टीलच्या क्लिपांत सरकतात त्यांचा संचही त्याच वेळी मागा. स्वस्तातला भाग आहे, पण जुन्या गाडीत अर्धा फरक तोच पाडतो.

हत्यारांत जॅक, दोन जॅक-स्टँड, चाकाचा पाना, सॉकेट आणि रॅचेट (कॅलिपरला बहुधा १२ किंवा १४ मि.मी., काही गाड्यांत ७ मि.मी.ची अ‍ॅलन की), टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच आवळता येणारा), मोठा सी-क्लँप (स्क्रूने आवळायचा शिकंजा), तारेचा ब्रश, चपटी कानस, जाड तार, ब्रेक क्लीनरचा कॅन, आणि ब्रेकसाठीचं खास सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस. बेअरिंगचं किंवा चासीचं ग्रीस चालणार नाही. त्यातलं खनिज तेल ब्रेकच्या रबराला फुगवतं, आणि फुगलेलं रबर, कॅलिपर ज्या पिनवर सरकतो तिला धरून बसतं.

हातमोजे, चष्मा, मास्क घ्या. ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवायची नाही. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि नसलं तरी ती बारीक धूळ छातीत जायच्या लायकीची नाही. क्लीनर मारून ओली करा आणि फडक्याने टिपा.

गाडी उचलणं

जमीन सपाट आणि कडक हवी. हँडब्रेक ओढा. आता एक गोष्ट, जी बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही: पुढची चाकं ओढणारी गाडी असेल आणि तुम्ही पुढूनच उचलत असाल, तर गिअरमध्ये टाकून ठेवल्याचा काही उपयोग होत नाही. गिअर पुढच्या चाकांना धरतो, आणि ती हवेत आहेत. गाडी तेव्हा फक्त मागच्या हँडब्रेकवर उभी असते, आणि जुन्या गाडीच्या हँडब्रेकवर किती विसंबायचं हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा दगड लावा.

चाकाचे नट जमिनीवरच पाव फेरा सैल करा, मग जॅक लावा. जॅक लावायच्या जागा गाडीच्या पुस्तकात दिलेल्या असतात. खाली गंज खाल्लेला पत्रा असेल तर तिथे लावू नका, जॅक आत घुसतो. गाडी उचलली की स्टँडवर टेकवा. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवा. स्टँड सरकलाच तर गाडी चाकावर बसेल.

जुन्या गाडीत नट काढूनही चाक हलत नाही, कारण ते हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, गंजाने चिकटलेलं असतं. दोन नट चार-पाच आटे राहतील असे ठेवा आणि टायरच्या बाजूला आळीपाळीने उजवीकडून-डावीकडून बुटाच्या टाचेने मारा. हे गाडी स्टँडवर असतानाच, आणि गाडीखाली हातपाय नसताना.

कॅलिपर खोलणं

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी जशीच्या तशी राहू द्या. कुठली क्लिप कुठे बसते हे विसरलात की तिकडे जाऊन बघता येतं, आरशातल्यासारखं उलटं. फोनवर फोटोही काढाच.

स्टिअरिंग वळवून कॅलिपरची मागची बाजू तोंडासमोर आणा. मागे तीन प्रकारचे बोल्ट दिसतील. दोन लहान, एक वर एक खाली. हे स्लाइड पिनचे, आपल्या कामाचे. दोन मोठे, बहुधा १७ मि.मी.चे, हे ब्रॅकेटचे, म्हणजे पॅड ज्यात बसतात त्या चौकटीचे, डिस्क बदलायची नसेल तर त्यांना सहसा हात लावावा लागत नाही. आणि एक बोल्ट, जिथे रबरी होज, म्हणजे ब्रेक ऑइलची नळी, कॅलिपरला मिळतो. त्याला अजिबात हात लावायचा नाही. तो ढिला झाला की ऑइल बाहेर आणि हवा आत, आणि मग काम दुप्पट.

पुष्कळ गाड्यांत फक्त खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वरच्या पिनवर झाकणासारखा वर उघडतो. बोल्ट फिरवताना पिनही सोबत फिरत असेल तर पातळ उघड्या पान्याने पिनचं डोकं धरा. बोल्ट हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल लावून पाऊण तास थांबा, पण ते डिस्कवर उडू देऊ नका. सहा कोनी सॉकेट वापरा. बारा कोनी सॉकेटने जुन्या बोल्टचे कोपरे गोल होतात.

कॅलिपर डिस्कच्या कडेला अडकला, तर जुना पॅड आणि कॅलिपर यांच्यात जाड स्क्रू ड्रायव्हर घालून हळूच ओढा. पिस्टन किंचित मागे जातो आणि वाट मोकळी होते. पूर्ण काढलात तर कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. होजवर लोंबकळू देऊ नका. आणि कॅलिपर उघडा असताना गाडीत बसून कुणी ब्रेक दाबणार नाही याची खात्री करा, नाहीतर पिस्टन उसळून बाहेर पडेल.

जुने पॅड टाकण्याआधी वाचा

माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत मोलाची दोन मिनिटं हीच. चारही जुने पॅड ओळीने मांडा (दुसऱ्या बाजूचे, ती उघडल्यावर): डावीकडचा आतला, बाहेरचा, उजवीकडचा आतला, बाहेरचा.

चारही सारखे झिजले असतील तर कॅलिपर तंदुरुस्त आहे. आतला संपलाय आणि बाहेरचा जाड आहे, तर कॅलिपर पिनवर सरकत नाहीये. पिस्टन फक्त आतल्या पॅडलाच ढकलतोय, किंवा पिस्टन परत मागे येत नाहीये. एकच पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तर दोनपैकी एक पिन धरली आहे किंवा पॅड ब्रॅकेटमध्ये अडकतोय. आणि एका चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या चाकापेक्षा फार पातळ असतील तर पिस्टन किंवा होजवर संशय घ्या. जुना रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसतो पण आतून सुजतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत येताना अडतं, आणि ब्रेक लागलेलाच राहतो.

हे न बघता नवे पॅड बसवले तर तेही त्याच पद्धतीने झिजणार.

दोन तासांचं काम

पहिल्या वेळी माझ्या गाडीची खालची पिन हाताने निघेना. पकडीने धरून मागे-पुढे फिरवत काढली, तेव्हा तिच्यावर ग्रीसऐवजी तपकिरी, सुकलेल्या डिंकासारखा थर होता आणि मधोमध गंजाचा एक पट्टा, नखाला लागेल एवढा. वरची पिन मात्र बोटाने ओढली तर आली. आतला पॅड तिरका का झिजला होता, ते कोडं तिथेच सुटलं.

दोन्ही पिना काढून क्लीनरने धुवा. एका पिनेला टोकाला रबराची बाही असू शकते. दोन्ही सारख्या दिसल्या तरी अदलाबदल करू नका. पिन जिथे शिरते ते भोकही फडक्याच्या सुरळीने पुसून काढा. गंज बारीक पॉलिश पेपरने जात असेल तर ठीक. खड्डे पडले असतील तर पिनच बदला. ग्रीस पातळ थरातच लावा. जास्त भरलंत तर आत हवा कोंडते आणि ढकललेली पिन स्प्रिंगसारखी परत बाहेर येते. पिनवरचे फाटलेले रबरी बूट, म्हणजे धूळ-पाणी अडवणारी आवरणं, बदला, कारण गंजाची सुरुवात तिथूनच झालेली असते.

मग ब्रॅकेट. जुन्या क्लिपा उचकटा आणि त्यांच्या खाली बघा. गंज फुगतो, आणि फुगताना क्लिपेला उचलतो. त्यामुळे पॅडची खाच पाव-अर्धा मि.मी. अरुंद होते. नवा पॅड त्यात जात नाही, आणि मग लोक हातोडी घेतात. हातोडीने बसवलेला पॅड सरकणार कसा? तो डिस्कला चिकटूनच राहणार. तारेच्या ब्रशने आणि चपट्या कानशीने फक्त गंज काढा, चांगला धातू उतरवू नका. नव्या क्लिपा बसवून पॅड आत घालून बघा: बोटाच्या जोराने आत-बाहेर सरकला पाहिजे, खडखडता कामा नये.

डिस्कची किमान जाडी तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते. समजा नवी २२ मि.मी.ची असेल, तर साधारण २० ला ती संपली म्हणायची. बाहेरच्या कडेला झिजून उंचवटा तयार झालेला असतो, त्यामुळे साध्या व्हर्नियरचे जबडे त्या कडेवरच टेकतात आणि जाडी जास्त भरते. मायक्रोमीटर वापरा किंवा कडेपासून आत मोजा. नख अडकेल असे खोल चरे, भेगा, निळसर डाग असतील तर डिस्कही जोडीने बदला. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असतं, ते क्लीनरने पुसल्याशिवाय बसवू नका.

पिस्टन मागे दाबणं

नवे पॅड जाड, म्हणून पिस्टनला घरी परत पाठवायला हवं. आधी त्याचा रबरी बूट बघा. फाटलेला असेल किंवा आजूबाजूला ओल असेल तर इथेच थांबा. कॅलिपर दुरुस्तीचं काम आहे, पॅडचं नाही.

वरच्या डबीचं झाकण काढा, भोवती फडकं गुंडाळा आणि पातळी वरच्या रेघेजवळ असेल तर सिरिंजने थोडं ऑइल काढून घ्या. मघाशी म्हटलं तो हिशोब हाच: मधे कुणी टाकलेलं जादा ऑइल आता वर येणार. ते रंगावर सांडलं तर रंग उचलतं, लगेच पाण्याने धुवा.

जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवा आणि सी-क्लँपने अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. सावकाश. चांगला पिस्टन लोण्यातून गेल्यासारखा सरळ आत जातो. क्लँप कडक होऊनही तो हलत नसेल तर जोर वाढवू नका, पिस्टन धरला आहे किंवा होज बंद आहे, आणि दोन्हीसाठी मेकॅनिक गाठा.

मागच्या डिस्कवाल्यांनी इथे थबकावं. हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर आधी तो सोडावा लागतो (मग पुढच्या चाकांना ठोकळे लावा), आणि बहुतेक वेळा पिस्टन नुसता दाबून जात नाही, खास हत्याराने फिरवत आत न्यावा लागतो. बटणाचा हँडब्रेक असेल तर गाडीला आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकावं लागतं. नुसतं दाबलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

बसवणं

काळा थर डिस्ककडे, पोलादी पाठ बाहेर. हसू नका, उलटे बसवलेले पॅड घेऊन लोक गॅरेजात येतात. किंचाळणारी पट्टी बहुधा आतल्या पॅडला असते, जुन्यावर ताडून बघा. पॅडच्या कानांना, आणि पाठीवर जिथे पिस्टन व कॅलिपरची बोटं टेकतात तिथे, ब्रेकच्या ग्रीसचा नुसता पुसट हात फिरवा. थराला किंवा डिस्कला ग्रीसचा डाग लागला तर क्लीनरने डिस्क पुसता येते, पण पॅडने तेल पिऊन घेतलं की तो गेला.

कॅलिपर खाली आणताना पिनचे बूट चिमटीत सापडत नाहीत ना बघा. होजला पीळ पडलेला नसावा. बोल्टचे पहिले चार-पाच आटे हातानेच फिरवा, मग टॉर्क पान्याने आवळा. स्लाइड पिनच्या बोल्टना बऱ्याच गाड्यांत २५ ते ३५ न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात बघूनच लावा. हाताला हे ‘सैलच आहे’ वाटतं आणि माणूस एक फेरा जास्त देतो. आटे तिथेच जातात.

हबवरचा गंज घासून चाक लावा, नट चांदणीच्या क्रमाने म्हणजे समोरासमोर आवळा. शेवटचा टॉर्क गाडी जमिनीवर आल्यावर. मग दुसरी बाजू, तशीच, सुरुवातीपासून.

गाडी हलवण्याआधी पेडल

इथे मी स्वतः फसलोय. काम संपल्याच्या आनंदात हत्यारं आवरली, गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला. ब्रेकवर पाय दिला तर पेडल थेट जमिनीला टेकलं, काही विरोधच नाही. मागे भिंत होती. हँडब्रेक ओढला, गाडी थांबली तेव्हा भिंत वीतभर उरली होती.

कारण साधं आहे. पिस्टन आपण पार मागे ढकललेला असतो, आणि त्याच्यात आणि पॅडमध्ये फट असते. पहिले काही दाब ती फट भरण्यातच जातात. म्हणून इंजिन बंद असताना पेडल हळूहळू, अर्ध्यापर्यंतच, पुन्हा पुन्हा दाबा. कडक लागेपर्यंत. जुन्या गाडीत पेडल जमिनीपर्यंत नेऊ नका. मास्टर सिलिंडरमधलं (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा भाग) रबर कधी गेलं नाही अशा गंजक्या भागावर घासून फाटू शकतं. मग इंजिन चालू करून पुन्हा बघा. पेडल किंचित खाली जाईल आणि थांबेल, ते बूस्टरमुळे (इंजिन चालू असताना पायाच्या जोराला मदत करणारा भाग), तेवढं ठीक.

डबीतली पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे का बघा. कमी असेल तर झाकणावर लिहिलेल्या डॉट क्रमांकाचंच, सीलबंद बाटलीतलं ऑइल घाला. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून कपाटातली अर्धी उरलेली बाटली नको. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये कधीच मिसळायचं नाही. पेडल स्पंजासारखं लागत राहिलं तर आत हवा आहे. ती काढल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

पहिले काही किलोमीटर

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांत मुरावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा, मग थोडं अंतर ब्रेक न लावता चाला म्हणजे डिस्क थंड होईल. असं आठ-दहा वेळा. मधे पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवू नका. तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. पॅडबरोबर आलेल्या कागदावर वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. थोडा जळका वास येईल, तो जातो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारायची वेळ येणार नाही इतकं अंतर ठेवा.

परत आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. दोन्हीकडची ऊब सारखी हवी. एकीकडे स्पष्ट जास्त असेल, किंवा ब्रेक लावताना गाडी ओढत असेल, तर त्या बाजूची पिन नाहीतर क्लिप पुन्हा उघडून बघायची. शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क पान्याने एकदा तपासा.

जुन्यांपैकी एक पॅड जपून ठेवा. त्याच्या पाठीवर खडूने तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी दुकानात आकार दाखवायला आणि क्लँपखाली घालायला तोच लागतो.